आतली वायर, बाहेरची वायर

फोनच्या पडद्यावरचा पाळणा दिसेनासा झाला आणि तिथे नुसतं गोल फिरणारं एक चक्र उरलं. मनालीने हातातली द्राक्षाच्या देठांची पुडी टेबलावर ठेवली.

गंगापूर रोडवरच्या त्या प्रयोगशाळेत माती, पाणी, वेलींचे देठ तपासायचं तिचं काम. बाळंतपणानंतर कामावर परतून तिला आठवडाही झाला नव्हता. फोन तिने सकाळपासून परीक्षानळ्यांच्या स्टँडला टेकवून ठेवलेला. एक डोळा देठांवर, एक पाळण्यातल्या तिच्या रुद्रवर. निघताना त्याचं अंग हाताला कोमट लागलं होतं. "दात येत असतील," सासूबाई, सगुणाबाई, म्हणाल्या होत्या. कोमट, गरम नव्हे, असं तिने रिक्षात बसल्यावर स्वतःला बजावलंही होतं.

रुद्रला मागे एकदा तापात आकडी आली होती. तेव्हा सगुणाबाईंनी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला, आणि दातखीळ बसेल म्हणून तोंडात चमचा घालायला निघाल्या. डॉक्टरांनी नंतर दोघींना समोर बसवून सांगितलं: तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर करायचं, थांबेना तर धावत दवाखाना गाठायचा, आणि थांबली तरी त्याच दिवशी दाखवायला आणायचं. सगुणाबाईंनी मान डोलावली. मनालीचं त्या डोलावलेल्या मानेवर समाधान झालं नाही. म्हणून कॅमेरा आला.

कॅमेरा आला तशी दुसरी धास्ती आली. आपल्या झोपलेल्या बाळाकडे कुठला तरी परका माणूस कुठे तरी बसून बघत असला तर? तिने वाल्मीकच्या मागे टुमणं लावलं. वाल्मीक, तिचा नवरा, लोकांच्या कचेऱ्यांत नेटवर्क जोडून द्यायचा. त्याने एका ऑफिसने मोडीत काढलेला सर्व्हर उचलून आणला, पाटासारखा रुंद आणि दोघांनी मिळून उचलावा इतका जड, आणि त्याच्यावर राउटरचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चढवलं, म्हणजे घरातलं सगळं इंटरनेट त्याच्यातूनच येणार-जाणार.

"बाजारातल्या डबीच्या पोटात काय चाललंय ते कंपनीलाच ठाऊक," तो म्हणाला. "याचं पोट उघडून बघता येतं."

आता कॅमेऱ्याचं चित्र कुठल्याच कंपनीकडे जात नव्हतं. त्या सर्व्हरमधून मनालीच्या फोनपर्यंत तेवढी एक बंद वाट ठेवली होती, तिसरं कुणी त्या वाटेवर पाऊल टाकू शकत नव्हतं. आज तीही टाकू शकत नव्हती.

चक्र थांबेना तेव्हा, बऱ्याच वेळाने, तिने घरी फोन लावला. सगुणाबाईंचा फोन साधा, बटणांचा. बऱ्याच रिंग वाजल्यावर त्यांनी उचलला.

"आई, कॅमेरा का बंद झाला?"

"गिरणी बंद केली होती मी." सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज ऐकल्या दिवसापासून त्या त्याला गिरणीच म्हणत. "पोराचा डोळा लागंना तिच्या घरघरीनं. वायरी बी काढल्या, धूळ लय बसली होती. पुसून परत लावल्या सगळ्या."

"चालू केलीत ना?"

"केली की. कवाची बोंबलते."

"आणि रुद्र?"

"झोपलाय. अंग थोडं तापलंय."

"थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे थोडं. तू ठेवलेलं औषध पाजलंय. तू तुझं काम कर."

असला सर्व्हर उठताना आधी सावकाश स्वतःचीच तपासणी करत बसतो, हे तिला माहीत होतं. तिने वाट पाहिली. चक्र फिरत राहिलं. देठांची पुडी तशीच पडून राहिली. शेवटी तिने वाल्मीकला फोन लावला. तो लांब देवळा तालुक्यात एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर वायर ओढत होता.

"वायरी नीट लावल्यात का विचार आईला," तो म्हणाला. "मागे दोन भोकं आहेत, मी चिठ्ठ्या चिकटवल्यात. आत आणि बाहेर. चुकायला जागाच नाही."

"तू ये ना घरी."

"देवळ्याहून? मनू, मी पोचेपर्यंत ताप उतरून तो शाळेत जायला लागेल." ती हसली नाही. त्याचाही आवाज उतरला. "निघतो मी. तोवर विचार तिला."

तिने पुन्हा घरी लावला.

"आई, बाहेर लिहिलंय तिथे कुठली वायर आहे?"

"बाहेरची."

"म्हणजे खांबावरून इंटरनेटची येते ती?"

"ती कशी बाहेरची? ती तर आत येती. बाहेरची म्हणजे बाहेरच्या खोलीत जाती ती, टीव्हीच्या मागची. तिथंच घातली."

मनालीने डोळे मिटले. बाहेर चहा ने, बाहेर कोण बसलंय, बाहेरचा पंखा बंद कर. त्या घरात बाहेर म्हणजे पुढची खोली, हे वाल्मीक सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं बाहेर म्हणजे सगळं जग.

"दोन्हींची अदलाबदल करा. एवढंच करा फक्त."

"थांब, खुर्ची घेते."

सर्व्हर बोळातल्या फळीवर, उंचावर होता. खुर्ची फरफटल्याचा आवाज आला. पंख्यांची घरघर एकदम जवळ आली.

"ही वायरीची खिटी दबंना."

"नखाने दाबा."

"नख राहिलंय कुठं भांडी घासून."

घरघरीच्या मागे आणखी काहीतरी होतं. बारीक, कण्हल्यासारखं. मनालीने फोन कानावर घट्ट दाबला. ते पुन्हा आलं, आणि मधेच तुटलं.

"आई, रुद्र रडतोय का?"

"उठला वाटतं. ही एक निघाली बघ. आता दुसरी..."

"रडायचा थांबला का तो?"

नुसती घरघर.

तेव्हा तिला दिसलं, कॅमेऱ्याशिवाय दिसलं, की आपण त्या बाईला कुठे उभं केलंय. खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून, पोराकडे पाठ.

"वायर सोडा. आई, सोडा ती, उतरा. त्याच्याजवळ जा. फोन घेऊन जा."

पावलं. घरघर मागे पडत गेली.

"अगं बाई," सगुणाबाई हळूच म्हणाल्या. "डोळं फिरवलं त्यानं."

मनाली जिना उतरत होती. पर्स घेतली की नाही हे तिला नंतरही आठवलं नाही. रिक्षावाल्याला तिने मखमलाबाद नाका एवढंच सांगितलं.

"काय करताय ते बोलत राहा. थांबू नका."

"कुशीवर केलाय. झबलं सैल केलं. हात उडत्यात. फेस आलाय, पदरानं पुसते."

"आई, तोंडात..."

"काय नाय घालत. तू रस्त्याकडं बघ."

रामवाडीच्या पुलावर रिक्षा अडकली. पुढे ट्रॅक्टर, त्याच्यापुढे काय ते दिसत नव्हतं. सगुणाबाई खरं सांगत होत्या की सुनेला धीर देत होत्या, हे कळायला मनालीकडे काही मार्ग नव्हता. चमचा त्यांच्या हातात असू शकला असता. तिच्या ओठांवर प्रश्न पुन्हा आला आणि तिने तो गिळला. विचारलं असतं तर त्यांचं लक्ष पुन्हा फोनकडे वळलं असतं.

"बोला आई. मी ऐकतेय."

"कमी झालंय उडायचं." मनाली रिक्षाच्या दांड्याला धरून पुढे वाकली. "थांबलं."

"श्वास घेतोय?"

"घेतोय. पोट हालतंय."

आणि मग रुद्र रडला. चिरका, चिडका, झोपमोड झाल्यासारखा. मनालीने तोंडावर हात दाबून धरला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि काही न विचारता ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाने रिक्षा काढली.

सगुणाबाई फाटकातच उभ्या होत्या, रुद्रला पातळ दुपट्यात घेऊन, घराला कुलूप घालून.

"उतरू नको," म्हणाल्या. "दवाखान्यातच जायचं ना?"

त्या आत बसल्या. मनालीने त्याला घ्यायला हात पुढे केले, पण त्याचं डोकं त्यांच्या कोपराच्या खळगीत नीट टेकलं होतं, पापण्या जड झाल्या होत्या. तिने त्याला ओढून घेतलं नाही. दुपट्याखाली हात घालून त्याच्या तापलेल्या पोटावर ठेवला आणि ते खालीवर होत राहिलं.

"चला दादा," ती रिक्षावाल्याला म्हणाली. "लवकर, पण खड्डे बघून."