सहा जीबी, शंभर दिवस

तलावाच्या पाळीवर तीन वस्तू होत्या: पाण्याची पातळी मोजणारं यंत्र, कॅमेरा आणि दोघांना नेट पुरवणारं डोंगल. सांडव्याच्या तोंडाशी वाळूची बेचाळीस पोती. पाळीची उंची ३.२० मीटर. पाळीखाली घर एकच, पुनाराम काकाजींचं.

काकाजी आमच्या मामा तलावाचे, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचे, पाणकर. कोणाच्या धानाला कधी पाणी सोडायचं, ते ठरवतात. ऑगस्टअखेर पोती रचून सांडवा बुजवायचा आणि हातभर पाणी जास्त धरायचं, ही गावाची जुनी रीत. पातळी २.६० झाली की पोती काढायची. त्यासाठी काकाजी दर दोन तासांनी पाळीवर जाऊन पाण्यात रोवलेली मोजपट्टी पाहत. यंदा त्यांचे गुडघे गेले, म्हणून मी एम.एस्सी. संपताच हे यंत्र बसवलं.

सिम गोंदियात भैय्यालालच्या दुकानातून घेतलं, फक्त डेटाचं. यंत्राला कुठे कोणाशी बोलायचं होतं!

“मैडम, रोज वाला पैक लो,” भैय्यालाल म्हणाला. “खतम हुआ तो भी धीरे-धीरे चलता है. एकमुश्त वाला सीधा बंद.”

मी हिशेब केला. फोटो आणि आकडे मिळून दिवसाला साठ एमबी. सहा जीबी शंभर दिवस पुरणार होते. एकमुश्त, सगळा डेटा एकदम देणारा पॅक घेतला.

सोळाव्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता. दुपारी पावणेचारला मी काकाजींकडे गेले.

“काकाजी, पट्टी पाहून आले का?”

“कायले जाऊ वं? मोबाइल सांगून राहिला ना, दोन अडतीस.”

“बुढा आता खाटेवरचा पाणकर झाला!” चुलीपाशी त्यांच्या पत्नी सुमित्राबाई हसल्या.

मी मोबाइल हातात घेतला. २.३८ च्या खाली बारीक अक्षरांत वेळ होती: सकाळी ११.०५. शिल्लक डेटा शून्य.

“कॅमेऱ्याची लिंक कोणाला दिली?”

“गावाच्या ग्रुपवर टाकली. पाणी पोत्याले लागते त्या दिवशी सारे नारळ घेऊन येतेत ना? म्हटलं, पावसात कायले भिजता, घरूनच पाहा.”

एकसष्ट फोन पहाटेपासून डेटा संपेपर्यंत थेट चित्र पाहत होते. थेट चित्र मी हिशेबात धरलंच नव्हतं.

आम्ही पाळीवर चढलो. पोती दिसत नव्हती, त्यांच्यावरून गढूळ पाणी वाहत होतं. काकाजी सांडव्याच्या काठाला धरून कमरेपर्यंत उतरले आणि एक पोतं ओढलं. ते हललं नाही. दुसरंही नाही.

“अवं, बाहेर निघ!” ते घराकडे वळून ओरडले. “बकऱ्या सोड! भांडे राहू दे!”

मी पट्टीपाशी बसले. ४.०५ ला ३.११. ४.१५ ला ३.१७, पाळीच्या माथ्याला तीन सेंटीमीटर कमी. सुमित्राबाई दारात उभ्या राहून काहीतरी विचारत होत्या, पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

४.२५ ला ३.२२.