कबुतरांसाठी अकरा गाणी

जयपूरच्या खातीपुऱ्याला माहेरी पोहोचेपर्यंत गार्गीने गाडीत तीच चार गाणी पुन्हा पुन्हा ऐकली आणि दर खेपेला तिचा पारा चढत गेला. बारा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाने, यतीनने, 'बदलीची पोरं' नावाचा स्का पंक, म्हणजे उड्या मारायला लावणाऱ्या धांगडधिंगा गाण्यांचा, अल्बम काढला होता. गिटार ठेक्याच्या मधल्या जागेत टिचक्या मारत पळायची, झोटवाड्याच्या लग्नाच्या बँडमधले दोघे ट्रम्पेट असे फुंकायचे की नवरदेवाने घोडीवरून उडी मारावी, आणि यतीन घसा फाडून विचारायचा, दर तीन वर्षांनी शाळा बदलणाऱ्या पोरांचं गाव कोणतं?

अख्ख्या जयपुरात कुणी ढुंकून पाहिलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, इथे तर कुणी भावही विचारला नाही. कॉलनीतल्या मराठी मंडळींनी गणपतीत त्याला वाजवायला दिलं तेही पंगती चालू असताना, आणि दुसऱ्याच गाण्याला माइक काढून घेऊन हरवलेल्या चपलांची घोषणा केली. त्यानंतर यतीनने गिटार विकली आणि बँकेत चिकटला.

गेल्या महिन्यात कॉलेजात तिच्याबरोबर शिकवणाऱ्या प्रियंकाने नेटवर कुणीतरी टाकलेली ही चार गाणी मोबाइलवर ऐकवली, तेव्हा गार्गी भर स्टाफरूममध्ये रडली. आता पुण्याचे एक मुकुंद म्हणून गृहस्थ अकराही गाण्यांचा पूर्ण अल्बम नव्याने काढायला तयार होते. मूळ रेकॉर्डिंग स्टुडिओच्या संगणकाबरोबर केव्हाच गेलं होतं. एक धड सीडी हवी होती, बस.

तिने बाल्कनीत पाय ठेवला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कबुतरं पळवायला दोरीला ओळीने सीड्या टांगल्या होत्या. उन्हाने विटलेल्या, ओरखडलेल्या. प्रत्येकीवर 'बदलीची पोरं'. खाली कठड्यावर एक कबुतर निवांत बसलं होतं.

"बाबा! हे तुमचंच काम ना? पोराच्या जिवाचं असं तोरण करून टांगलंत?"

विलासरावांनी पेपर खाली केला. "अगं, मी कशाला..."

"मी टांगल्यात, ताई," आतून यतीन म्हणाला. "दोन खोकी पडून होती. मतलब, कामाला तरी येऊ देत."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"लाज नाही वाटली? आणि या घरात एकानेही ऐकला नाही हा अल्बम! एकानेही!"

यतीन शांतपणे म्हणाला, "तुझी असेल ना. पहिली प्रत तुलाच दिली होती."

"असणारच! मी काय तुमच्यासारखी आहे?"

तिने आपलं जुनं कपाट धाडकन उघडलं. मार्कशीटच्या फायलीखाली ती सापडली. वर मार्करने लिहिलं होतं: 'ताईला, सगळ्यात आधी.' अक्षरं प्लास्टिकच्या वेष्टनावर होती. वेष्टन जसंच्या तसं होतं. एका कोपऱ्यालाही नख लागलं नव्हतं.

गार्गीला तोंड लपवायला जागा उरली नाही. यतीनने सीडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"चालेल ही," तो म्हणाला. "एकदम कोरी आहे."

त्याचा आवाज जराही चढला नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. "चिड ना, मूर्खा! ओरड माझ्यावर!"

"ओरडलो होतो की, ताई," सीडी तिच्या हातात परत देत यतीन म्हणाला. "अकरा गाणी."