मामाला पुरावा हवा होता

"बापाशिवाय पोर होत नाही, नाशिदकाका! मी रोज प्रयोगशाळेत बसतो, मला विचारा!"

"उसाचा रस तपासतोस रे तू! बाळंतपणं करत नाहीस!"

हे आमच्याच बैठकीत, आत्ता तासाभरापूर्वी. नाशिद म्हणजे माझा मामा. चर्चमध्ये झांजा वाजवतो, आणि घरी आला की आमच्या कानाशी वाजवतो. दुसरा ओरडणारा वग्दी, साखर कारखान्यातला. तो आला होता माझ्या बहिणीला, दिम्यानाला, मागणी घालायला. मागणी! इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून आलेला माणूस, चहा अजून अर्धा पेल्यात, आणि मामाच्या तोंडासमोर बोट नाचवतोय. मी दाराला टेकून उभा होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. मग रागही आवरला नाही, पण ते पुढे.

मी गत्तास. शाळा सोडली, कारण शाळेत बसून माझे पाय वळवळतात. टुकटुक चालवतो, तीनचाकी रिक्षा. आत्ता त्याच टुकटुकात बसलोय, अबूनांच्या दारात. अबूना म्हणजे आमचे पाद्री, ते आत पायमोजे शोधतायत. ते बाहेर येईपर्यंत सांगतो, ऐका.

सुरुवात झाली मिठाईच्या खोक्यावरून. ख्रिस्तजन्माचा उपास चालू आहे. दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही. आणि वग्दीने आणला बसबूसाचा, रव्याच्या गोड वड्यांचा, खोका, लाल रिबिनीवाला. मामाने खोका उचलला, खालून बघितला. तळाला तेलकट डाग. मामाने नाक लावलं.

"तूप!" मामा आईकडे वळला. "बघ बाई, उपासाच्या घरात जावई तूप घेऊन आलाय."

वग्दी म्हणाला, "उपासाचीच मागितली होती, काका. दुकानदाराला दोनदा सांगितलं."

"तू स्वतः धरतोस उपास?"

आता इथे कुठलाही शहाणा माणूस "हो" म्हणाला असता. निम्मी गल्ली म्हणते आणि मागच्या दाराने अंडी खाते. पण वग्दी म्हणाला, "नाही."

"का?"

"ज्या जन्मासाठी हा उपास आहे, तो सांगतात तसा बापाशिवाय झाला असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही."

आई मटकन खाली बसली. स्वयंपाकघराच्या पडद्यामागे दिम्याना होती, तिचे पाय दिसत होते पडद्याखालून. पाय जागचे हलले नाहीत. तिला हे माहीत होतं तर! मी मनात म्हटलं, अरे वा.

मग जे पेटलं ते पेटलं. वग्दी म्हणे, मार्काने ख्रिस्ताच्या आयुष्यावर सबंध शुभवर्तमान लिहिलं, त्यात जन्माचा शब्द नाही. पौलाने एवढी पत्रं लिहिली, त्यात कुमारी आई नाही. "एवढी मोठी गोष्ट घडली आणि या दोघांना सांगावीशी वाटली नाही?"

मामा म्हणाला, "तू कारखान्यात नोकरीचा अर्ज केलास तेव्हा आईच्या बाळंतपणाबद्दल लिहिलं होतंस? नाही ना? मग काय तू जन्मलाच नाहीस?"

मी जोरात हसलो. मामाने माझ्याकडे बघितलं, त्यालाही आवडलं होतं स्वतःचं बोलणं. वग्दीसुद्धा हसला, पण लगेच म्हणाला, "बरं, हे सोडा. एकट्या आईपासून पोर झालंच, तर ती मुलगी होईल. मुलगा व्हायला जे लागतं ते बाईच्या अंगात नसतंच."

"आदमला कोण आई होती? कोण बाप होता? ज्याने माती कालवून माणूस उभा केला, त्याला एका पोरीच्या पोटात पोर घालायला तुझ्या प्रयोगशाळेची परवानगी लागते?"

"मग त्याने एकदाच का केलं? पुन्हा का नाही?"

"पुन्हा कशाला? एकदा जमलं नव्हतं का?"

खरं सांगतो, मामा जिंकत होता. माणूस वैतागवाणा आहे, पण भांडणात त्याच्यासारखा मजा देणारा दुसरा नाही. वग्दीचे कान लाल झाले होते. तेवढ्यात शेजारचे हाजी रिफाई आत आले, हातात जपमाळ, पायात एकच चप्पल.

"अरे, भिंत हलतेय माझी! कोण मेलं?"

वग्दीला वाटलं, देवच पावला. तो उठून उभा राहिला. "हाजी, बरे आलात. तुम्ही तर चर्चवाले नाही. तुम्हीच सांगा यांना, कुमारीला पोर होतं का कधी?"

हाजींनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं माझ्या टुकटुकात बसून भाडं न देता उतरणाऱ्याकडे मी बघतो.

"पोरा, मरियमच्या नावाची अख्खी सूरा, अख्खा अध्याय आहे आमच्या ग्रंथात. तिला पुरुषाने हातसुद्धा लावला नव्हता. ते बाळ पाळण्यातून बोललंय, समजलं? या एका बाबतीत मी नाशिदच्या बाजूने. बाकी आमचं भांडण आहेच, ते आम्ही नंतर बघू."

मामाने टाळीसाठी हात पुढे केला. हाजींनी टाळी दिली. वग्दी खाली बसला, अगदी हवा गेलेल्या टायरसारखा. अख्ख्या गावात त्याच्या बाजूने एक माणूस नाही, हे त्याला तेव्हा कळलं असावं.

आता मामाने मान ताठ केली. त्याने भिंतीवरचा लाकडी क्रूस काढला आणि वग्दीसमोर धरला.

"हा हातात घे आणि म्हण, कुमारीच्या पोटी जन्मला. एवढंच. मग मी होकार देतो आणि अबूनांना बोलावतो."

तुम्हाला सांगायला हवं, बाबा गेल्यापासून आमच्या घरात मोठा पुरुष म्हणजे मामा. उपासात लग्न होत नाही, पण शब्द पक्का करता येतो. अबूना येतात, सगळे उभे राहून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतात, आणि मुलगी त्या घरची झाली. मामाने नाही म्हटलं की दिम्यानाचं संपलं. तिने याआधी दोघांना परत पाठवलंय. या एकासाठी ती आठवडाभर गुणगुणत कपडे धूत होती. मला दिसत नाही का?

म्हण की, मी मनात म्हणत होतो. म्हण रे बैला, एवढंसं वाक्य आहे!

वग्दीने क्रूस दोन्ही हातांनी घेतला. चुंबन घेतलं. आणि म्हणाला, "काका, मी म्हणेन, पण ते खोटं असेल. खोटं आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच. अबूनांनी विचारलं तरी हेच सांगेन. क्रूस हातात घेऊन खोटं बोलून बायको नको मला."

पडद्याखालचे पाय एकदम टाचा उचलून उभे राहिले.

आणि इथे मामाने घाण केली. त्याला वाटलं, वग्दीला पळवून लावावं, म्हणजे आपणहून नाही म्हणावं लागणार नाही. तो आवाज खाली आणून म्हणाला, "तसंही बेटा, तुझ्या भल्याचंच सांगतो. आमच्या मुलीबद्दल गल्लीत बोलणं चालू आहे. नदीपलीकडे, एका पांढऱ्या गाडीतून उतरताना दिसली. पुरुष चालवत होता. एकदा नाही. विचारलं तर सांगत नाही."

मी मामाच्या अंगावर गेलो. खरंच गेलो. हाजींनी माझी कॉलर धरली म्हणून, नाहीतर झांजा वाजवायला मामाचे हात राहिले नसते. "सोडा मला! माझ्या बहिणीबद्दल बोलतोय हा!"

"तुझा मामा आहे, गाढवा," हाजी म्हणाले, पण त्यांचा आवाजही फाटला होता.

आई रडायला लागली. तेव्हा पडदा सरकला आणि दिम्याना बाहेर आली. पिठाचे हात तसेच. ती मामाकडे गेलीच नाही, वग्दीसमोर उभी राहिली.

"गाडी खरी आहे," ती म्हणाली. "माझी एक मैत्रीण आजारी होती. तिच्या भावाची गाडी. मी तिच्याबरोबर दवाखान्यात जात होते. तिचं नाव सांगणार नाही, आजार सांगणार नाही. मी तिला शब्द दिलाय. याहून जास्त माझ्याकडे काही नाही. विचारायचं ते विचार."

मी वग्दीकडे बघत होतो. हा तोच माणूस, ज्याला मार्काची साक्ष हवी, पौलाची साक्ष हवी, प्रयोगशाळा हवी.

"काही विचारायचं नाही," वग्दी म्हणाला. "गल्लीतलं बोलणं मला महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. कारखान्याच्या फाटकावर एकाने सांगितलं."

"आणि तरी आलास?" मामा.

"आलो."

"शहानिशा न करता? कुणाला विचारलं नाहीस?"

"कुणाला विचारू? ती माझ्याशी खोटं बोलत नाही."

"पुरावा काय?" मामा ओरडला. "पुरावा काय तुझ्याकडे?"

बोलून गेला आणि थांबला. तोंड उघडंच. हाजी रिफाईंना आधी कळलं. त्यांनी माझी कॉलर सोडली, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि असे हसले, असे हसले, की जपमाळ खाली पडली. "नाशिद! अरे नाशिद! पुरावा कोण मागतंय बघ!"

"हसू नका हाजी, ही वेगळी गोष्ट आहे!"

दिम्याना आता मामाकडे वळली. "मामा, मरियमशी लग्न ठरलं होतं त्या योसेफाने तिच्याकडे पुरावा मागितला होता का?"

मामा हुशार आहे, लगेच म्हणाला, "त्याच्या स्वप्नात देवदूत आला होता! देवदूताने सांगितलं त्याला!"

"वग्दीच्या स्वप्नात कुणी आलं नाही. तरी तो बसलाय."

मी शाळा सोडलेला माणूस, मला मोठमोठ्या गोष्टी कळत नाहीत. पण माझ्या अंगावर काटा आला, हे बघा, अजून आहे. मला वाटलं ओरडावं, शिट्टी मारावी, टुकटुकाचा भोंगा वाजवावा.

आईने डोळे पुसले. माझी आई, जी मामासमोर कधी खुर्चीवर बसत नाही, ती उठली, खोका ओढून घेतला आणि रिबीन फाडली. "हाजी, हे तुमच्या भाच्याच्या दुकानातलं दिसतंय. तूप आहे का यात?"

हाजींनी एक तुकडा तोंडात टाकला. "वनस्पती तेल. उपासाच्या दिवसांत तुमची गर्दी असते म्हणून तो तूप आणतच नाही. डाग तेलाचा आहे, नाशिद. तेलही डाग पाडतं."

आई म्हणाली, "गत्तास, जा. अबूनांना घेऊन ये."

"मी होकार दिलेला नाही!" मामा.

"तू बस इथे. तू नसशील तर अबूना उभे राहतील तिच्या बाजूने. पण आज माझ्या घरात प्रार्थना होणार."

मी उड्या मारत बाहेर आलो, चावी फिरवली, आणि मागे बघतो तर मामा टुकटुकात चढतोय.

"तुम्ही कुठे?"

"अबूनांशी आधी मी बोलणार. चल."

मी टुकटुक अशी हाणली की प्रत्येक खड्ड्यात मामाचं डोकं छताला लागलं. मुद्दाम. छतावर मरियमचं चित्र चिकटवलंय मी, मामा दर वेळी तिची माफी मागत होता. कालव्यापाशी ऊसवाल्या ट्रॅक्टरने अडवलं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "ती मैत्रीण. तुला माहीत होतं?"

"हो. होडीपर्यंत मीच सोडायचो ना तिला."

"मग बोलला का नाहीस मला?"

"तुम्ही मला विचारलं? तिला तरी नीट विचारलं? तुम्ही गल्लीला विचारलंत!"

मला वाटलं कानाखाली बसणार. बसली नाही. ट्रॅक्टर सरकला, मी गिअर टाकला. मामाने पुन्हा छताला डोकं आपटून घेतलं, पुन्हा मरियमची माफी मागितली. मग म्हणाला, "पण कुमारी होती ती. ते मी सोडणार नाही."

"कोण सोडा म्हणतंय?"

"त्या पोराला मी रोज सांगणार. दर शुक्रवारी जेवायला बोलावून सांगणार."

"शुक्रवारी? म्हणजे..."

"समोर बघून चालव!"

इथे पोचल्यावर तो उतरून आत गेला. खिडकी उघडी आहे, मला सगळं ऐकू आलं. आधी अबूना म्हणाले, "माहीत नाही असं म्हणाला? तोंडावर?" मामा म्हणाला, "क्रूस हातात घेऊन, अबूना!" मग मामाचा आवाज, इतका बारीक की मी ओळखलाच नाही, "आणि मुलीबद्दल मी... ते माझं चुकलं. मी घरी सगळ्यांसमोर सांगेन तिला."

अबूना म्हणाले, "आधी ते. मग प्रार्थना. त्या पोराचं आणि माझं आम्ही दोघं बघू, त्याला घाई नाही. माझे पायमोजे कुठे आहेत?"

म्हणून मी इथे बसलोय, पाय वळवळतायत, इंजिन गरम आहे. घरी दिम्याना दारात उभी असणार, पीठ अजून हाताला. तिला माहीत नाही मामा काय म्हणाला ते. मला पहिल्यांदा सांगायचंय, मामाच्या आधी, मी कोपऱ्यावरूनच ओरडणार आहे...

आले! मामाने अबूनांची काठी धरलीय, अबूनांच्या एका पायात काळा मोजा, एका पायात तपकिरी. "बघतोस काय गाढवा, चालू कर!"

निघतो मी आता.