एकतीस तास

जुना लॅपटॉप घ्यायचा असला की आमच्याकडची माणसं आधी मला फोन करतात. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी तीस वर्षं काढली, त्यामुळे यंत्र कुठे खोटं बोलतं ते मुळ्येकाकांना कळतं असा समज आहे. यंत्र खोटं बोलत नाही. विकणारा बोलतो. म्हणून विकणाऱ्याच्या तोंडाकडे मी बघतच नाही.

आधी वस्तू उलटी करायची आणि खालचे स्क्रू बघायचे. आमच्या खाऱ्या हवेत ते गंजतात, पेनड्राइव्ह लावायच्या खाचेत हिरवट थर धरतो. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरच्या एका बर्फाच्या कारखान्यातला लॅपटॉप मला 'नवाकोरा' म्हणून दाखवला होता. उघडला तर सुकटीच्या डब्यासारखा वास. मग बिजागरी, मग एकेक बटण, मग पांढऱ्या पडद्यावर काळे ठिपके. सगळ्यात शेवटी माझा पेनड्राइव्ह. त्यात एक छोटा प्रोग्राम आहे. यंत्र आजवर एकूण किती तास चाललं, ते तो सांगतो. वरून कितीही पुसा, चमकवा, तो आकडा बदलत नाही.

गेल्या महिन्यात विमलासाठी गेलो होतो. विमला आमच्या बिल्डिंगमध्ये तीन घरी पोळ्या करते, त्यातलं एक घर माझं. बायको गेल्यापासून मी एकटाच असतो. विमलाचं गाव पालीच्या आतल्या अंगाला, नवरा मुंबईला वॉचमन. मुलगी ज्ञानेश्वरी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. वर्गात बहुतेकांकडे लॅपटॉप आणि ही सगळे प्रोग्राम मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर डोळे फोडून लिहिते. पहिल्या सत्रात एक विषय त्यापायीच राहिला. दुसऱ्या सत्रात राहिला तर शिक्षण पुरे, गावाला चल, असं बापाने फोनवर सांगून टाकलं होतं. विमलाने भिशी उचलली आणि मला म्हणाली, काका, तुम्ही फक्त बघून द्या.

दुकान विनीतचं. माझाच जुना विद्यार्थी, मारुती मंदिराजवळ गाळा घेऊन बसलाय. मी पोचायच्या आत त्याने एक काळा लॅपटॉप चालू करून ठेवला होता आणि ज्ञानेश्वरी त्याच्यापुढे बसली होती. पोरगी एरवी माझ्यासमोर मान वर करत नाही. इथे तिची बोटं धडाधड चालत होती. स्वतःचं नाव, कॉलेजचं नाव, कसलासा प्रोग्राम, काय काय लिहीत होती. मला उलटा करून बघायचा होता, पण तिला उठवावंसं वाटेना. म्हटलं, आज शेवटचं काम आधी करू.

पेनड्राइव्ह लावला. आकडा आला एकतीस.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. सहा वर्षांचा लॅपटॉप, आणि एकतीस तास. एखाद्याने नुसते सिनेमे बघितले असते तरी एका महिन्यात याहून जास्त झाले असते. बॅटरी पडून पडून थकली होती, ती बदलावी लागणार होती; बाकी सगळं जिथल्या तिथे. बटणांवरची अक्षरंसुद्धा ताजी. आयुष्यात कोणाला म्हणालो नव्हतो ते मी विमलाला म्हणालो, "डोळे झाकून घे."

ती हसली. ज्ञानेश्वरीने तर लॅपटॉप घट्ट धरूनच ठेवला. मी म्हटलं, जरा दे, स्क्रू बघतो, म्हणजे माझं काम झालं.

उलटा केला. खाली विनीतच्या दुकानाचा स्टिकर, ताटलीएवढा. एवढा मोठा स्टिकर कशाला, असं विचारलं तर तो म्हणाला, जाहिरात. मी त्याच्याकडे बघितलं. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी नखाने कोपरा उचलला, विनीत अहो काका, अहो काका करेपर्यंत अर्धा सोलून काढला.

खाली कोरलेली अक्षरं होती. 'कै. सौ. उल्का भास्कर मुळ्ये यांच्या स्मरणार्थ.'

उल्का माझी बायको. पालीच्या पुढच्या एका वाडीतल्या प्राथमिक शाळेत तिने बावीस वर्षं शिकवलं. शाळेत कॉम्प्युटर नव्हता, म्हणून ही स्वतःचा मोबाइल पोरांच्या हातात द्यायची, अक्षरं दाबून बघा म्हणायची. दोन मोबाइल पोरांनी पाडून फोडले. मी चिडलो की म्हणायची, वस्तू वापरून झिजली पाहिजे, ठेवून कुजायला नको. दवाखान्यात शेवटी शेवटी तिने एकच सांगितलं, शाळेला एक लॅपटॉप द्या, पोरांच्या हातात पडू दे.

ती गेली त्या वर्षी मी दिला. तीन दिवस बसून त्यात बाराखडीचे खेळ, पाढे, चित्रांची पुस्तकं भरली. आणि मग भांड्यांच्या दुकानात नेला. आपल्याकडे कोणाच्या नावाने वस्तू द्यायची तर नाव घालूनच देतात, मग ती समई असो नाही तर पातेलं. दुकानातला गंगाराम म्हणाला, झाकणावर कोरलं तर आतली काच जाईल, खाली घालू. मी म्हटलं, खाली घाल, पण चांगलं खोल घाल.

त्याने घातलंही तसंच. बोट फिरवलं तर लागत होतं.

आणि आता ते एकतीस तास मला नीट कळले. त्यातले वीसेक तर माझेच होते.

मला विनीतचा भयंकर राग आला. चोरीचा माल विकतोस, असं मी त्याला चारचौघांत बोललो. तो बिचारा पावती शोधायला लागला. पावती खरी होती. शाळेचा पट तीनवर आला, शाळा बंद झाली, टेबलं, कपाटं, खुर्च्या लिलावात गेल्या. घेणाऱ्याने लॅपटॉप विनीतला आणून विकला. नाव दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं, दोघं परत गेले, म्हणून मग स्टिकर लावला, असं विनीत खालमानेने म्हणाला. मुळ्ये आमच्याकडे ढिगाने, आणि माझं किंवा बायकोचं नाव त्याला माहीत नव्हतं, तेव्हा मी तरी त्याला काय बोलणार?

मग मी भागोजी गुरुजींना फोन लावला. ते त्या शाळेचे मुख्याध्यापक होते, आता निवृत्त होऊन गावीच असतात. फाडून खायचं ठरवूनच लावला. विचारलं, सहा वर्षांत पोरांनी याला किती वेळा हात लावला?

गुरुजींना माझ्या आवाजातलं काही कळलं नाही. उलट खूश झाले. म्हणाले, "एकदाही नाही. कपाटात कुलपात होता, किल्ली माझ्या जानव्याला म्हणा ना. एक ओरखडा दिसतोय का बघा. मॅडमच्या नावाची वस्तू, पोरांच्या हातून काही झालं असतं तर तुम्हाला काय तोंड दाखवलं असतं?"

लिलावाला द्यावा लागला त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. नेण्याआधी हळदकुंकू वाहिलं, असंही म्हणाले. माणूस खोटं बोलत असता तर बरं झालं असतं.

दर सव्वीस जानेवारीला ते मला फोटो पाठवायचे. टेबलावर पांढरा कपडा, झेंडूचा हार, मागे पोरं हात जोडून. नाव दिसावं म्हणून लॅपटॉप मिटून, तळ पुढे करून उभा केलेला. त्यातले दोन फोटो फ्रेम करून मी हॉलमध्ये लावलेत. गावभरचे लॅपटॉप उलटसुलट करून बघणारा मी, पण आपला लॅपटॉप सहा वर्षं पोट दाखवत उभा आहे आणि पोरांचे हात जोडलेले आहेत, हे मला एकदाही दिसलं नाही. मला नाव दिसत होतं आणि मला बरं वाटत होतं. गुरुजींनी कुलूप घातलं खरं, पण ते कुलूप गंगारामकडून खोल कोरून घेतलं मी.

फोन ठेवला तर विमला आणि ज्ञानेश्वरी दोघी उभ्या होत्या. पोरीने नाव वाचलं होतं. मघाशी ज्या बटणांवर तिची बोटं धडाधड चालत होती, ती बटणं ती आता ओढणीने पुसत होती, एकेक करून. पुसून झाल्यावर तिने लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे सरकवला.

विमला म्हणाली, "नको ओ काका. काकूंच्या नावाची वस्तू ती. पोरीच्या हातून काय कमीजास्त झाला तर तुम्हाला तोंड कसा दाखवू? तुम्ही घरी न्या, देवाजवळ ठेवा. आमी दुसरा बघू."

दुसरा तिच्या पैशांत येणार नव्हता. आलाच तर सात-आठ हजार तास रगडलेला आला असता. ते तिलाही माहीत होतं.

मी विनीतकडे पॉलिश पेपर मागितला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्याने मागच्या खोलीतून एक जुना तुकडा आणला. मी लॅपटॉप मांडीवर पालथा घेतला आणि घासायला लागलो. विमला म्हणाली, काका, असं करू नका. ती रडायला लागली. मी थांबलो नाही. 'स्मरणार्थ' लगेच गेलं. माझं नाव गेलं. आडनाव गेलं. 'उल्का' जाईना. गंगारामने तेच सगळ्यात खोल घातलं होतं, मीच सांगितलं होतं तसं. काळ्या प्लास्टिकची पूड माझ्या धोतरभर झाली, बोटाची साल निघाली, तेव्हा ते गेलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

लॅपटॉप सुलटा करून मी ज्ञानेश्वरीपुढे ठेवला आणि म्हणालो, "आता कोणाचाही नाही. पाड, फोड, पण वापर."

तिने आईकडे बघितलं, मग एक बटण दाबलं. एकच, तेही हळूच.

विनीत खालचा पांढुरका डाग बघत होता. म्हणाला, काका, नाव घासलेलं दिसलं की पुढे कोणी घेणार नाही, चोरीचा म्हणतील. बरोबर बोलला तो. मीही तेच म्हणालो असतो. उद्या ही पोरगी तो विकायला काढेल, तेव्हा माझ्यासारखाच कोणी शहाणा म्हातारा तो आधी उलटा करील, त्या डागावर बोट फिरवील आणि म्हणेल, हा घेऊ नका, इथे कोणाचं तरी नाव होतं.