बिनवासाची लेक

प्रयोगशाळेत सगळे तिला नाकबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. दाराशी उभं राहून ती आत येणाऱ्या प्रत्येकाला हुंगायची. शरीराबाहेर रुजवलेले गर्भ पहिले काही दिवस काचेच्या बशीत, इन्क्युबेटरच्या उबेत वाढतात. अत्तर, पावडर, वासाचं तेल, भिंतींचा ताजा रंग, यातलं काही म्हणजे काही त्यांना मानवत नाही, हे सिद्ध करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. सुरुवातीला मोठ्या डॉक्टरांनी नाकं मुरडली. पण भिंती रंगवल्या त्या महिन्यात एकही गर्भ धड वाढेना, तेव्हा सगळे निमूटपणे बिनवासाच्या साबणाने हात धुवायला लागले.

घरी याची सगळ्यात जास्त झळ बसली आईला. आई पावडरची भोक्ती. आंघोळ झाली की गोल डबा उघडायचा आणि मऊ फुगा मानेवर थापायचा. लेकीने नियम सांगितला तेव्हा आई फणकारली होती.

"म्हणजे लोकांची पोरं वाढावीत म्हणून मी माझ्या पोरीला जवळ घ्यायचं नाही? बरा न्याय आहे!"

फणकारली, पण नियम तिने लेकीपेक्षा कडक पाळला. लेक कामावर निघाली की आई स्वयंपाकघराच्या दारात हात मागे बांधून उभी राहायची, चुकून हात लागायला नको म्हणून. जवळ घ्यायचं ते सुट्टीच्या दिवशी, पावडरीला रजा देऊन. त्या दिवशी वडील हमखास म्हणायचे, "आज माझ्या बायकोला चुकून दुसऱ्याची बायको समजलो असतो!" घर एवढंसं होतं, पण हसायला जागा कमी पडली नाही. नाकबाईला ते दिवस आता फार आठवत.

आता वडील नव्हते आणि आईच्या डोक्यातून माणसं निसटत चालली होती. सून ओळखू यायची, दूधवाल्याशी गप्पा रंगायच्या. लेक समोर बसली की मात्र आई आदबीने विचारायची, "आपण कोणाकडच्या?" निवृत्तीनंतर तिला एकच हवं होतं. आईने जायच्या आधी एकदा आपल्याला ओळखावं.

वहिनीने उपाय सुचवला. "ताई, माणूस चेहरे विसरतो, पण वास नाही विसरत. त्यांचीच पावडर लावून बसा की जवळ."

नाकबाईला हे लगेच पटलं. जन्मभर वासाचाच अभ्यास केलेला, न पटून सांगते कोणाला! दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आईच्या डब्यातला फुगा मानेवर थापला, दोनचारदा शिंकली आणि आईच्या पलंगावर जाऊन बसली.

आईने वास घेतला. चेहरा खुलला. "अगंबाई, ही तर माझी पावडर!"

नाकबाईचं काळीज सुपाएवढं झालं. "मग? ओळखलंस मला?"

"नाही बाई." आई जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पण एक सांगते. माझी मुलगी आली तर तिच्याजवळ बसू नका हं. तिला हे चालत नाही. तिच्या अंगाला कसलाच वास नसतो."

नाकबाई उठली ती थेट न्हाणीघरात. मान, हात, कान खसाखसा धुतले, धुतलेला साधा कुडता चढवला. एवढी हुशार, आणि एवढी साधी गोष्ट कळली नाही, म्हणून ती स्वतःवरच चिडली होती आणि रडतही होती.

ती परत येऊन बसली. आईने पुढे वाकून तिच्या मानेपाशी वास घेतला. पुन्हा घेतला. मग एकदम भिंतीकडे सरकली.

"आलीस होय! अगं, लांब हो, लांब हो, मी आत्ताच पावडर लावलीय."

"चालेल आता, आई."

"काय चालेल? त्या पोरांचं काय होईल?"

नाकबाईने आईच्या पांढऱ्या मानेत तोंड खुपसलं. आई दोन्ही हातांनी तिला ढकलत राहिली, रागावत राहिली, तिला तिच्या लहानपणीच्या नावाने हाका मारत राहिली, आणि लेक काही हलली नाही.