घरामागे एक हात

चुलीत ओलं लाकूड धुमसत होतं. थोरली सून डोळे पुसत फुंकर घालत होती. सगळं गाव तिला नुसतं थोरली म्हणे.

"आज बैठकीत बोलाल ना?" तिनं नवऱ्याला विचारलं. "वरचं रान बंद झालं तर सरपण कुठून आणायचं? डिंक, कंद, सगळं तिथलंच."

"किती वेळा विचारशील? बोलतो म्हटलं ना."

बैठकीचा रिवाज जुना होता. घरामागे एक हात, आणि तो पुरुषाचा. बायांनी बाहेर बसून ऐकायचं. हवामान वाचवायला आलेल्या साहेबांनाही हा रिवाज सोयीचाच वाटला. जगाची हवा तापतेय, तेव्हा वरच्या रानात कुणी पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात त्याच रानातला वणवा बायांनी ओल्या फांद्यांनी झोडपून विझवला होता. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

थोरलीनं खिडकीच्या गजांतून पाहिलं. रान बंद करायला हात वर झाले. सगळ्यांत आधी तिच्या नवऱ्याचा.

"भावजींचा हात भलताच चपळ गं," जाऊ पुटपुटली. "घरात पाण्याचा तांब्या उचलताना कधी दिसला नाही. आणि आमचे बघ, घर वेगळं, पण हात त्यांच्या मागोमाग."

हात का वर गेला, ते कारण दुसऱ्याच दिवशी अंगात घालूनच नवरा घरी आला. खाकी सदरा, गळ्यात शिट्टी. रानाचा राखणदार.

"अगं, पगार घरातच येणार ना?"

"आणि चुलीत काय घालू? शिट्टी?"

तो शिट्टीची दोरी सारखी करत बसला.

पुढे साहेब कॅमेरा घेऊन आले. आता मात्र बाया पुढे हव्या होत्या. "महिलांचा सहभाग दिसला पाहिजे," म्हणत त्यांनी प्रत्येकीच्या हातात रोप दिलं. "ताई, जरा हसा."

थोरलीनं आपलं रोप नेऊन नवऱ्याच्या हातात दिलं. "तुम्हीच धरा. आपल्या घराचा हात तुमचा आहे ना."

"अगं, लोक बघतायत."

"त्या दिवशी मीही बघत होते."

तिनं कमरेला विळा खोचला आणि वरच्या रानाची वाट धरली. जावेनं आपलं रोप साहेबांच्या हातात कोंबलं, "हसा आता," म्हणाली आणि तिच्यामागे निघाली. मग बाकीच्याही.

"राखणदार, अडव त्यांना," साहेब ओरडले.

थोरलीची पावलं जरा मंदावली. इतक्या वर्षांचा संसार. निदान आता तरी तो शिट्टी वाजवणार नाही, असं तिला वाटलं होतं.

शिट्टी वाजली. चांगली जोरात.

तिनं मागं वळून पाहिलं नाही.