निजली की विझली?

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्याची शपथ, शिवणीची शपथ, चारशे बारा पानांची शपथ! आता जे सांगणार आहे, त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. एक शब्द जरी खोटा निघाला, तर मला खुशाल रद्दीच्या तराजूत टाका.

मी एक जुनी कादंबरी आहे. एकटी नाही हं, आम्ही पाच बहिणी. आमच्यात एका जहाजाची गोष्ट आहे. ताऱ्याताऱ्यांमधून चाललेलं जहाज, त्याच्या पोटात चारशे माणसं शंभर वर्षांसाठी झोपलेली, आणि त्यांना सांभाळायला एक यंत्र. त्या यंत्राला सगळे मावशी म्हणायचे. मावशी कुणाचं पांघरूण सारखं करायची, कुणाच्या स्वप्नात शिरून त्याला दटावायची. माझ्या चौघी थोरल्या बहिणींना लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यांच्यासाठी वाचनालयात नंबर लागायचे. मी शेंडेफळ. गोष्टीचा शेवट माझ्या पोटात. आणि तिथंच माशी शिंकली.

आमची लेखिका हातानं लिहायची. अक्षर असं, की कोंबडीचे पाय शाईत बुडवून तिला कागदावर सोडावं. छापखान्यातल्या जुळणी करणाऱ्यानं डोळे फाडफाडून शेवटची ओळ वाचली आणि छापली, 'मग मावशी विझली.' मी त्या पहिल्या आवृत्तीतली. दोन महिन्यांत दुसरी आवृत्ती निघाली. तीत होतं, 'मग मावशी निजली.' प्रकाशकानं सांगितलं, जुळणी करणाऱ्याची चूक झाली, त्यानं 'नि'चा 'वि' वाचला आणि 'ज'चा 'झ'. निम्म्या वाचकांनी हुश्श केलं. बाकीचे म्हणाले, चूक कसली, लोकांनी रडून रडून पत्रं लिहिली म्हणून घाबरून शब्द फिरवला. लेखिकेला विचारायला गेले, तर तिनं दार लावून घेतलं, ते लावलंच.

तुम्ही म्हणाल, दोन अक्षरांवरून एवढं काय? अहो, निजलेलीला उठवता येतं. विझलेलीला कोण उठवणार?

झालं. निजलीवाले आणि विझलीवाले असे दोन तट पडले. आमच्या वाचनालयात तर एकाच घरात पडले. नणंद पोस्टात कामाला, ती निजलीवाली. भावजय दवाखान्यात परिचारिका, ती विझलीवाली. दोघी एकाच पिशवीतून पुस्तकं आणायच्या आणि माझ्यावरून भांडत परत जायच्या. एकदा नणंद म्हणाली, वहिनी, चारशे जणांना जिनं शंभर वर्षं सांभाळलं, तिच्यासाठी विझली म्हणवतं कसं तुला?

"वन्सं, मी रोज बघते," भावजय म्हणाली. "गेलेल्या माणसाला झोपला म्हणून सांगितलं ना, की घरचे उशाशी बसून राहतात."

"मग बसू दे की त्यांना."

त्या दिवशी दोघी वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेल्या.

पण तोंडाच्या भांडणाला मी भीत नव्हते. मी भ्याले ते ब्लेडला. एका दुपारी कुणीतरी मला कोपऱ्यातल्या टेबलावर नेलं, शेवटचं पान उघडलं, आणि खिशातून अर्धं ब्लेड काढलं. मी इतकी थरथरले, की पंखा बंद असून माझी पानं फडफडली! त्यानं 'वि' खरवडला, 'झ' खरवडला आणि वर पेनानं 'निजली' केलं. आठवड्यानं दुसरं कुणी आलं. त्यानं ते खरवडून पुन्हा 'विझली' केलं. मग तिसरा, मग चौथी. कोण कोण होतं ते विचारू नका. भीतीनं मी डोळे मिटून घ्यायचे. खरवडून खरवडून कागद कांद्याच्या सालीसारखा झाला. वाचणाऱ्याचा हात खिशात गेला, की मी शेवटचं पान घट्ट मिटून घ्यायचे. रुमाल निघाला तरी सोडायचे नाही. आणि एका दिवशी टर्र झालं. शब्दाच्या जागी भोक.

आता शिंपीकाकांचं सांगते. बायको गेल्यापासून ते रोज चार वाजता दुकानाचं दार ओढून वाचनालयात यायचे आणि एक पान वाचायचे. एकच. दोन नाहीत, अर्धं नाही. ग्रंथपालबाई म्हणायच्या, काका, घरी न्या की पुस्तक. ते म्हणायचे, घरी नेलं तर संपेल. चौघी बहिणी अशाच पानापानानं वाचल्या, आणि मग मला हातात घेतलं. शेवट कुणी कानावर घालू नये म्हणून दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून बसायचे. ते आले की नणंद-भावजयसुद्धा आवाज खाली करायच्या. तेवढी माणुसकी दोन्ही तटांत होती. पण भोकाचं त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि माझा जीव रोज एका पानानं खाली जायचा. या माणसाला मी काय देणार होते?

त्यातच नोटीस लागली. माझ्यावरून रोज तक्रारी, तेव्हा शनिवारी वाचकांची सभा घेऊन ही प्रत ठेवायची की लगद्याला पाठवायची ते ठरवू. लगदा म्हणजे काय, ठाऊक आहे ना? पाण्यात भिजवतात, कुटतात, आणि तुमच्यातल्या सगळ्या मावश्या एकमेकींत मिसळून जातात. मी पानं मोजली. काका शनिवारी चारशे अकराव्या पानावर येणार होते. शेवटचं पान रविवारचं. एका दिवसानं चुकत होतं.

शनिवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. निजलीवाले म्हणाले, चुकीची प्रत हवी कशाला, लगद्यालाच द्या. विझलीवाले म्हणाले, भोक पडलं तरी पहिल्या आवृत्तीची गावात हीच एक प्रत, आमच्याकडे द्या. ग्रंथपालबाई टेबलावर पट्टी आपटत राहिल्या. नणंदेनं माझा पुढचा पुठ्ठा धरला, भावजयीनं मागचा. ओढाताणीत माझी शिवण तटातट उसवली. मी मनात म्हटलं, संपलं आता.

तेवढ्यात चार वाजले आणि काका आत आले. नेहमीची खुर्ची ओढून बसले आणि हात पुढे केला.

"माझी दोन पानं राहिलीत," ते म्हणाले.

दोघींनी मला टेबलावर ठेवलं. काकांनी एक पान वाचलं. मग कधी नव्हे ते दुसरं उलटलं. मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले. मला तर ब्लेडाची भीती बरी वाटायला लागली. त्यांचं बोट ओळीवरून सरकत सरकत भोकापाशी आलं आणि थांबलं. बोटाचं टोक पलीकडे निघालं.

"इथं काय होतं?" त्यांनी विचारलं.

तीन वर्षं जो शब्द ओरडून ओरडून सांगितला, तो आता कुणाच्या तोंडून निघेना. नणंदेनं तोंड उघडलं, भावजयीकडे बघितलं आणि मिटलं. भावजयीनं पदरात नाक पुसलं. बाईंची पट्टी हातातच राहिली.

काकांनी बोट भोकातून काढलं. मग खिशात हात घातला. मी डोळे मिटले. निघाली सुई. उसवलेली शिवण त्यांनी तिथल्या तिथं घातली, दुहेरी टाका घालून. भोकामागं बाईंकडून घेतलेला पातळ कोरा कागद चिकटवला. कुणी त्यावर काही लिहायला सांगितलं नाही, आणि त्यांनीही लिहिलं नाही. जाताना म्हणाले, सोमवारपासून पहिली बहीण काढून ठेवा. सभा कुणी संपवली नाही, लोक आपापले निघून गेले.

मी अजून कपाटात आहे. त्या कोऱ्या तुकड्याकडे कुणी पेन घेऊन आलं की अजून धडकी भरते. म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो, आमच्यावरून भांडा, तावातावानं भांडा, त्यासाठीच आम्ही जन्मतो. पण ज्याचं वाचायचं राहिलंय, त्याच्या पानाला ब्लेड लावू नका.

आणि आता शपथ घेतलीच आहे, तर एक कबूल करते. बाकी सगळं खरं. तेवढे ते कापसाचे बोळे मी रचले. काकांच्या कानात काही नव्हतं. त्या दोघींचं निजली-विझली ते रोज, शब्द न् शब्द ऐकत होते.